लाइट गेल्यावरचा पिक्चर

आमच्या हिने नाताळचे पिक्चर बघितले ढीगभर, पण शेवट बघितला एकाचाच, आणि तो काही तिला आवडला नाही. बाकी सगळ्यांचे शेवट तिने स्वतःच सांगितले. वाडीतल्या बायका तिला नाताळकाकी म्हणायच्या. आम्ही दर्यावरची माणसं, देव्हाऱ्यात वेतोबाची तसबीर, आणि बायकोचं नाव नाताळकाकी. आधी मला राग यायचा. मग रागाचाही कंटाळा आला.

मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण ती जाऊन वर्ष झालं. तिच्याबद्दल कोणी विचारलं की माझं तोंड उघडत नाही. म्हणून हे लिहितोय. तुमच्या वाडीतही अशी एखादी असेलच, तुम्हाला कळेल.

डिसेंबर लागला की इंग्रजी चॅनेलवर दुपारी हे पिक्चर लागायचे. थेटरातले नव्हेत, टीव्हीसाठीच केलेले, असं केबलवाल्याने सांगितलं. सगळ्यांची गोष्ट एकच. शहरात नोकरी करणारी मुलगी नाताळाला गावात येते, तिला गावातला साधा मुलगा भेटतो, कोणाचं तरी दुकान बुडायला आलेलं असतं ते वाचतं. ही मासळी बाजारातून यायची, टोपली विहिरीवर धुवायची, स्वतः दोनदा साबण लावून आंघोळ करायची, जेवायची, आणि सुपात सुकट घेऊन टीव्हीसमोर बसायची. हात सुकट निवडायचे, डोळे पिक्चरात. शेजारची शेवंता आपलं सूप घेऊन यायची, तिच्यामागून आणखी दोघी-तिघी. घरभर सुकटीचा वास आणि टीव्हीवर गोऱ्या लोकांची घंटा वाजतेय.

इंग्रजीचा एक शब्द तिला येत नव्हता. मी एकदा विचारलं, "गो, तुका कळता तरी काय?" तर म्हणाली, "गिऱ्हायक काय माका सांगता, माझ्याकडे पैशे आसत म्हणान? तोंडार दिसता. ह्येंच्या पण तोंडार दिसता." आणि खरंच, पहिल्या पाच मिनिटांत ती सांगायची, हा कोटवाला लबाड आहे, ह्याला मुलगी मिळणार नाही. बाजारात तिने ज्याला उधार दिलं नाही, त्याला पुढे कोणीच दिलं नाही.

पिक्चरातल्या लोकांना तिने आपली नावं दिली होती. शहरातली मुलगी म्हणजे 'चेडू'. कोटवाला म्हणजे 'मुंबयकार'. बर्फाला ती मीठ म्हणायची. तिचं माहेर शिरोड्याचं, मिठागरं बघत वाढलेली. "मीठ पडाक लागला, आता दोघांचा जमतला," असं म्हणाली की बायका सरसावून बसायच्या. आणि प्रत्येक पिक्चरात एक म्हातारा असायचा. कधी दुकानदार, कधी सुतार, कधी नुसताच शेजारी. पांढरी दाढी, एकटा, खिडकीतून दुसऱ्याच्या घरातला उजेड बघणारा. त्याच्यावर हिचं फार लक्ष. "बायको मेली आसतली त्याची," म्हणायची. "शर्टाचो गुंडो बघा, तुटलेलो आसा."

आमच्याकडे लोडशेडिंग, तेव्हाही आणि आताही. पिक्चर दीडला सुरू व्हायचा आणि तीनला लाइट जायची. म्हणजे चेडू रडत आपली बॅग भरतेय, साधा मुलगा गाडी घेऊन मागे निघालाय, आणि टीव्ही काळा. पहिल्या वर्षी बायकांनी लाइटवाल्यांच्या सात पिढ्या काढल्या. ही शांतपणे सूप पाखडत म्हणाली, "बोंब कित्याक मारतास? लाइट गेली, पिक्चर खंय गेलो? मी सांगतंय."

आणि सांगितलं. तिचे शेवट असे असायचे. "तर काय, ता चेडू घराक इला. आवशीन आधी त्येका हातपाय धुवक लावल्यान. मगे सगळे पानार बसले. उकड्या तांदळाचो भात, बांगड्याचा तिरफळ घालून कालवण. तो मुंबयकार पण इलो, थंडीन कुडकुडत. तेका कोणी काय विचारूक नाय, पान मांडल्यानी. कुत्र्याक काटे घातल्यानी. आणि म्हातारो रवलो होतो भायर, तेका हाक मारल्यानी. तो पण जेवलो. झाला."

'झाला' म्हटलं की बायका उठायच्या. 'म्हातारो पण जेवलो' हे आल्याशिवाय 'झाला' यायचं नाही. मी पडवीत पाठ टेकून पडलेला असायचो. दर्यावर जाणं बंद झालं होतं, कमरेने दगा दिलेला. मी तिथूनच ओरडायचो, "गोरे लोक तिरफळ खातत? वेडी झालंस काय तू?" ती बाहेर न बघता म्हणायची, "तुमी निजा ओ. तुमका खंय वाढलंय अजून?"

गेल्या डिसेंबरात तिचं पोट दुखायला लागलं. बाजारात उभी राहीना. गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेली. आमची लेक मिठबावला दिलेली, तीही आली. डॉक्टरने मला आणि लेकीला बाजूला घेतलं. चांगला माणूस होता, फिरवून बोलला नाही. म्हणाला, "इथे ठेवलंत तर थोडे जास्त दिवस मिळतील. बरं व्हायचं म्हणाल तर नाही." लेक म्हणाली, "बाबा, इथेच ठेवूया." मीही मान हलवली. जास्त दिवस म्हणजे जास्तच, असं मला वाटलं.

वॉर्डात भिंतीवर टीव्ही होता. दुपारी नाताळचा पिक्चर लागला. हिला उशीला टेकवून बसवली. तोच चेडू, तोच मुंबयकार, तोच म्हातारा, बाकावर बसलेला. तीन वाजले. मी सवयीने टीव्हीकडे बघितलं. लाइट गेली नाही. मोठं हॉस्पिटल, तिथे लाइट जातेय कशाला? पिक्चर चालूच राहिला. साधा मुलगा आला, चेडू धावलं, वरून मीठ पडलं, दोघांनी मुका घेतला आणि इंग्रजी नावं वर सरकायला लागली.

ही माझ्याकडे बघून म्हणाली, "झाला?"

"झाला. नावां येवक लागली."

"आणि जेवले खंय?"

मी तिची उशी नीट केली.

"म्हातारो थयच बाकार रवलो," ती म्हणाली. "मुको घेतल्यानी आणि गेले. ह्येका शेवट म्हणतत?" शेजारच्या खाटेवरची बाई हसायला लागली. ही हसली नाही. थोड्या वेळाने माझं मनगट धरलं. हात एवढा हलका झालेला की धरलाय हेच कळेना. म्हणाली, "आयकलात? माका घराक न्हेवा. हय लाइट जायत नाय."

लेक रडली, माझ्यावर ओरडली. "आईला काय कळतंय आता? बाबा, तुम्ही तरी हट्ट करू नका. दिवस कमी करताय तिचे." तिचं चुकीचं नव्हतं. पण चाळीस-एक वर्षं ह्या बाईने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, मागून घेण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच. मी लेकीला म्हटलं, "दिवस कमी होतील. पण ते तिच्या घरातले असतील." गाडी केली. कसालला थांबवून चहा घेतला, तिने बशीतून दोन घोट घेतले आणि म्हणाली, "पावडर कमी घातल्यान." तेव्हा मला जरा बरं वाटलं.

घरी आल्यावर बायका सुपं घेऊन जमल्या, जणू काही झालंच नाही. तिची खाट टीव्हीसमोर ओढली. पिक्चर लागला आणि तीनला लाइट गेली. मी कधी लाइट जायची वाट बघितली असेल तर ती त्या दिवशी.

ती सांगायला लागली. आवाज बसलेला, बायका खाटेला चिकटून बसल्या. चेडू घरी आलं. हातपाय धुतले. पान मांडलं. मधे मधे थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा सुरू. मुंबयकार जेवला. कुत्र्याला काटे घातले. मग म्हणाली, "आणि म्हातारो..." आणि डोळे मिटले. आम्ही थांबलो. तिला झोप लागली होती. शेवंताने हळूच चादर ओढली आणि बायका उठून गेल्या. 'झाला' काही आलं नाही. त्यानंतर ती जागी झाली, पाणी मागितलं, लेकीला ओळखलं, पण पिक्चरचं बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली.

वर्षभर मी कसा राहिलो ते काय सांगू. चूल पेटवायचा कंटाळा. दुकानातला पाव आणून चहात बुडवायचा. लेक म्हणते मिठबावला या. जावयाच्या घरी बसून मी काय करू? शेवंता कधीकधी वाटी पाठवते, ती तशीच राहते, मांजर खातं. देवाला गाऱ्हाणं घालायला पण ताकद लागते. ती पण उरली नाही.

यंदा डिसेंबर लागला आणि एका दुपारी शेवंता सूप घेऊन दारात उभी. मागे त्याच दोघी-तिघी.

"तात्यानु, टीव्ही लावा."

"कित्याक?"

"काकी नाय म्हणान नाताळ येवचो रवलो काय?"

लावला. तेच सगळं. चेडू, मुंबयकार, मीठ. एक म्हातारा, लाकडी खेळणी करणारा, एकटाच दुकानात. तीन वाजले, लाइट गेली. मला वाटलं आता उठतील. कोणी उठेना. सुपं पाखडायचा आवाज तेवढा.

"मगे?" शेवंता म्हणाली.

"मगे काय? माका काय म्हायत? लाइट गेली."

"काकी कधी असा म्हणाक नाय."

मी भिंतीला पाठ टेकली. मग म्हटलं, "ता चेडू घराक इला."

"हातपाय धुतल्यान?"

"धुतल्यान."

"जेवाक काय होता?"

"पेज."

"नाताळाक पेज?" दुसरी एक फिसकन हसली.

"मगे काय पक्वान्ना? आवस थकलेली आसा त्येची." बायका हसल्या. बोलायची सवय गेलेली, तरी सगळ्यांना पानावर बसवलं. मुंबयकाराला वाढलं. कुत्र्याला घातलं. आणि म्हटलं, "झाला."

कोणी उठलं नाही.

"झाला कसा?" शेवंता म्हणाली. "म्हातारो भायर आसा, तात्यानु."

मी तिच्याकडे बघितलं नाही. पडवीतून माड दिसतात, त्यांच्याकडे बघत होतो. म्हटलं, "जेवलो."

"कोणी वाढल्यान?"

"कोण वाढतला? स्वताच घेतल्यान. पेज टाकल्यान, सुकट भाजल्यान आणि बसलो जेवक."

"आता झाला," शेवंता म्हणाली. सुपातली निवडलेली सुकट मूठभर काढून तिने माझ्या पुढ्यात ठेवली, आणि बायका गेल्या.

मी आत गेलो. चूल धरायला वेळ लागला, लाकडं सर्दावलेली. उकडे तांदूळ धुऊन पेजेला टाकले, निखाऱ्यावर सुकट भाजली. लाइट आली तेव्हा टीव्हीवर भलताच कार्यक्रम चालू होता. मी जेवत होतो, उठून बंद केला नाही.