धोंडीची मंदाकिनी

माझ्या आधी आईची तीन मुलं गेली. चौथ्या खेपेला मी झाले, तेव्हा तिने माझं नाव धोंडी ठेवलं. धोंड म्हणजे दगड. दगडाला कोणाची दृष्ट लागत नाही आणि न्यायला आलेला यमही दगड उचलून नेत नाही, असा तिचा हिशेब. वडनेर भोलजीला आमच्या आळीत माझ्या जोडीला एक कचरू होता, एक उकिर्डा होता आणि पिराला नवस बोलून झालेला एक फकिरा होता. सगळे धडधाकट. तेव्हा या विद्येत काही दम नव्हता, असं कोण म्हणेल?

लग्न होऊन मी जळगाव जामोदला आले. सासरे मराठी शाळेत मास्तर. नावाची फोड करून अर्थ सांगणं हा त्यांचा छंद. मांडवात तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा त्यांनी मुलाला विचारलंसुद्धा नाही. "मंदाकिनी लिही. स्वर्गातली गंगा." नवऱ्याने आज्ञा पाळली. ताट लहान होतं, 'नी' काठावरून खाली सांडली. आईने हे सगळं पाहिलं, पण मुलीची आई म्हणून गप्प बसली.

सासूबाईंच्या तोंडात ती स्वर्गातली गंगा काही मावेना. चार दिवसांत तिची 'मंदे' झाली. "मंदे, हात चालव नं वं!" सासऱ्यांनी बायकोला समजावलं, की मंद म्हणजे इथे संथ. सासूबाई म्हणाल्या, "मंग मी का वेगळं म्हनून राह्यली?"

संध्याकाळी उर्दू शाळेचे मास्तर ओट्यावर येऊन बसत. दोघांची जुनी दोस्ती. त्यांच्या मुलीचं नाव नूरजहाँ, म्हणजे साऱ्या जगाचा उजेड, आणि ती पोर दिवेलागणीनंतर एकटी अंगणातही जात नाही, हे तेच हसत हसत सांगायचे. एकदा सासरे तावातावाने म्हणाले, "आपल्या लोकांनी फारसी नावं टाकून शुद्ध संस्कृत नावं घ्यायला हवीत."

"जरूर," मित्र म्हणाले. "पण गुरुजी, तुमच्या नावाचं काय करायचं? गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. दोन्ही फारसी."

सासऱ्यांनी टोपी काढून झटकली. मग म्हणाले, "ते रुळलेलं आहे."

दाराआड मी पदर तोंडात कोंबून उभी होते. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून त्या फुलाला मी जन्मभर 'काट्याचं फूल' म्हणत आले. आत्ताही तेवढं नाव गाळूनच लिहिते आहे.

दुसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता मला हिवताप आला. सासऱ्यांनी पोस्टातून कुनैनच्या पुड्या आणल्या; हे कडू औषध तेव्हा पोस्टात विकत मिळे. कान गुणगुणायचे, पण ताप हटेना. शेवटी वडनेरला निरोप गेला आणि आई बैलगाडीने आली. पाय न धुताच ती माझ्या उशाशी बसली आणि सासूबाईंना म्हणाली, "मांडवात मी बोलली नाई. तुमी माह्या पोरीचं कवच काढून घेतलं. दगडाची नदी केली. नदी वाहूनच जाईन नं!"

सासरे दारात उभे होते. "विहीणबाई, ताप कुनैनने उतरतो. नावाने नाही."

"मंग कुनैन बी द्या, अन् धोंडी बी म्हना. त्यानं काय बिघडते?"

ओट्यावरून मित्राचा आवाज आला, "गुरुजी, दवा चालू आहे, तर दुवाही चालू द्या."

सासरे खाकरले. एकदा ओट्याकडे पाहिलं, एकदा आढ्याकडे. मग हळूच म्हणाले, "धोंडाबाई." बाई लावली, म्हणजे शब्द थोडा तरी सुसंस्कृत झाला असावा.

तापातही मी पटकन 'जी' म्हटलं. मंदाकिनी म्हणून कोणी हाक मारली, की मी अजूनही मागे वळून बघत असे, ही कोण आली म्हणून. त्या दिवशी त्या घरात पहिल्यांदा कोणीतरी मला बोलावलं, असं वाटलं आणि रडू फुटलं. सासऱ्यांना वाटलं, ताप वाढला. त्यांनी आणखी एक पुडी दिली.

त्या आठवड्यात ताप उतरला. आई म्हणाली, नावाने. सासरे म्हणाले, कुनैनने. उर्दू मास्तर म्हणाले, खुदाच्या मेहेरबानीने. सासूबाईंनी आपला काढा पुढे केला. मला कोणी विचारलं नाही. त्यानंतर घरात मी धोंडी झाले. मंदाकिनी फक्त शाळेच्या तपासणीला नागपूरकडचे साहेब जेवायला आले, की पानं वाढायला येई.

मुलगी झाली, तेव्हा सासऱ्यांनी अर्थासकट बरीच नावं काढून ठेवली होती. पण दवाखान्यातल्या नर्सबाई तिला पहिल्या दिवसापासून 'बेबी' म्हणत, आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं. आईला ते पसंत पडलं, कारण तिला त्याचा अर्थ कळत नव्हता, तेव्हा यमालाही कळणार नाही. सासऱ्यांनी पोस्टमास्तरांकडून अर्थ विचारून आणला आणि खिन्न झाले. "म्हणजे हिने मोठं व्हायचंच नाही?"

ती मोठी झाली, सासू झाली, पुढे आजीही झाली. आता कवळी लावते, आणि तिच्या गावात सगळे तिला बेबीबाई म्हणतात.