हलिमाला मी दिलेला जुलाब

"जुलाब कुणी दिला?"

डॉक्टरसाहेबांनी एवढंच विचारलं. इस्पितळाच्या व्हरांड्यात उभे होते, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. आत माझी बायको हलिमा गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. मी म्हणालो, "मीच दिला साहेब. तीनदा दिला." ते म्हणाले, "अपेंडिक्स फुटलंय. दोन दिवस आधी आणायला पाहिजे होतं."

अपेंडिक्स म्हणजे काय ते मला त्या गुरुवारी कळलं. अख्ख्या पेठेच्या पोटाची काळजी वाहणारा मी, आणि पोटात काय काय असतं हेच मला ठाऊक नव्हतं. मोठं आतडं जिथं सुरू होतं तिथं, उजव्या अंगाला खाली, करंगळीएवढं एक शेपूट लोंबत असतं. ते कधीकधी सुजतं, त्यात पू होतो. अशा वेळी जुलाब दिला की आतडी जोरानं पिळवटतात आणि ते शेपूट फुटतं. आतली घाण पोटभर पसरते. त्याला पेरिटोनायटिस म्हणतात, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराला आलेली सूज. आज मी हे घडाघडा सांगतो. त्याचा काय उपयोग?

ही संस्थानच्या काळातली, महाराजांच्या राज्यातली गोष्ट. आता मी म्हातारा झालो, दाढी पांढरी झाली. तरी अजून लोक पोट दुखलं की पहिल्यांदा एरंडेलाची बाटली शोधतात, म्हणून हे लिहून ठेवतोय. वाचणाऱ्यानं मला शिव्या घातल्या तरी चालतील, पण शेवटपर्यंत वाचावं.

मी बाबालाल अत्तार. अत्तार म्हटलं की लोकांना वाटतं, हा गुलाबाचं तेल विकत असणार. विकायचो की, पण लग्नसराईत. बाकी वर्षभर दुकान चालायचं ते हिरडा, सोनामुखी, एरंडेल आणि जमालगोट्यावर. आमच्या पेठेत पावसाळा सरला की घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी जुलाब द्यायची रीत होती. त्या दिवसांत माझ्या दुकानापुढं हीऽ गर्दी. हिंदू असो, मुसलमान असो, सगळे म्हणायचे, जुलाब घ्यावा तर बाबालालच्या हातचा.

कारण मी रक्त बघून द्यायचो. हे मला अब्बांनी शिकवलेलं. खालची पापणी ओढायची, नखं दाबायची, जीभ बघायची. रक्त तीन जातीचं, असं अब्बा सांगायचे. गरम, थंड आणि जड. गरम रक्ताच्या माणसानं बाजरी, लसूण, सुकट खाल्लं की आतडी वाळतात, त्यानं ताक, मूग आणि दोडका खावा. थंड रक्ताच्याला आलं घातलेला मटणाचा रस्सा. जड रक्ताच्याला रात्रीचा भात बंद. ज्याचं त्याचं रक्त बघून ज्याचा त्याचा जुलाब. "काय पावणं, सकाळी परसाकडं साफ झाली का?" हा माझा पहिला सवाल, आणि बहुतेकांचं दुखणं त्यातच सापडायचं. त्यामुळं मला भलती घमेंड आली होती.

सोमवारी सकाळी हलिमा म्हणाली, बेंबीभोवती दुखतंय. चहासुद्धा नको म्हणाली. एकदा ओकली. मी विचारलं, परसाकडं? तर आदल्या दिवसापासून नाही. झालं! मी तिची पापणी ओढली, आत लालभडक. आदल्या दिवशी बाजरीची भाकरी आणि सुकट खाल्लेली. गरम रक्त, वाळलेली आतडी, दुसरं काय असणार? मी सोनामुखीचा काढा करून दिला.

मंगळवारी दुखणं बेंबीवरून उजवीकडं खाली सरकलं. हे सरकणं ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही. अंगात कणकण होती, चालताना ती वाकून उजवा हात पोटावर धरत होती. मी एरंडेल दिलं, आणि संध्याकाळी पुन्हा जास्त दिलं. ती म्हणाली, "आता नको वो. पोटात कायतरी येगळंच हाय." मी तिच्यावर खेकसलो, "मला शिकवतीस व्हय? सारी पेठ माझ्याकडनं घेती आन् घरच्याच बाईला इस्वास न्हाय!" तिनं नाक दाबून पेला रिकामा केला. तिचं ते तोंड मला अजून दिसतं.

बुधवारी दुपारी तिचं दुखणं एकदम थांबलं. ती झोपली. मी दुकानात येऊन गिऱ्हाइकाला काय सांगावं? "घरचंच बघा की. तीन मात्रा दिल्या, निवांत झोपलीय." असं दुखणं अचानक थांबतं तेव्हा आत ते फुटलेलं असू शकतं, हे मला गुरुवारी डॉक्टरांनी सांगितलं. मी ज्या वेळी मिशीला पीळ देत होतो, त्या वेळी ती आतून सडायला लागली होती.

गुरुवारी उजाडता तिला हुडहुडी भरली. पोट फळीसारखं टणक, हात लावू देईना. शेजारच्यांचा टांगा जोडून इस्पितळात नेली. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

त्याच दिवशी क्लोरोफॉर्म देऊन पोट उघडलं. क्लोरोफॉर्म म्हणजे हुंगवून माणसाला बेशुद्ध करायचं औषध. त्याचा गोडसर वास दाराबाहेर येत होता. साहेब बाहेर आले तेव्हा त्यांचा सदरा घामानं भिजला होता. म्हणाले, "पू काढलाय. नळी ठेवलीय. आता तिचं शरीर काय म्हणतंय ते बघायचं." मी विचारलं, "परसाकडं कधी होईल?" सवयीनं तोंडातून गेलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "आधी वारा सरू दे. वारा सरला तर आतडी जागी झाली म्हणायचं."

म्हणून शुक्रवार आणि शनिवार मी माझ्या बायकोला वारा कधी सरतो याची वाट बघत बसलो. हसू नका. तिच्या बाजूच्या खाटेवरची म्हातारी दर तासाला विचारायची, "सरला का गं पोरी?" आणि हलिमा नाही म्हणून मान हलवायची. पाणी प्यायची बंदी होती. ओला कापूस ओठांवर फिरवायचा, एवढंच मला करता येत होतं. पोट फुगत चाललं. साहेब दिवसातून चारदा यायचे, पोटावर नळी लावून ऐकायचे आणि पुढच्या खाटेकडं जायचे.

शनिवारी तिचा भाऊ हुसेन शिरोळहून निघाल्याचा निरोप आला. हुसेन म्हणजे तापट गडी, आईबापामागं त्यानंच तिला वाढवलेलं. हलिमानं मला जवळ बोलावलं. आवाज पार बसला होता. म्हणाली, "जुलाबाचं हुसेनला सांगू नका. त्यो तुमाला सोडायचा न्हाय." मरायला टेकलेली बाई, तिला माझी काळजी! आणि मी कसला हलकट, मला त्या बोलण्यानं बरं वाटलं.

रविवारी सकाळी ती गेली. हुसेन तासाभरानं पोचला.

दफन झाल्यावर लोक बसायला आले. कुणीतरी म्हणालं, "इस्पितळात न्यायाच नको व्हतं. सुरी लावली आन् मारली." दुसरा म्हणाला, "बाबालालनं तर सगळी दवा केलती की." हुसेननं डॉक्टरला अशा शिव्या दिल्या की ऐकवेनात. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, दुःखानं बोलवत नाही. वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं आणि मी निघू दिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला बजावलं. हलिमानंच सांगितलंय म्हटलं, आपण तरी काय करणार?

डॉक्टरसाहेबांच्या कानावर हे आलं असणारच. एकदा बाजारात समोरासमोर आलो. ते एक शब्द बोलले असते तर माझं दुकान उठलं असतं. ते नुसते "बरं आहे ना?" म्हणाले आणि गेले.

दोन पावसाळे गेले. माझं दुकान आधीपेक्षा जोरात चालायला लागलं, कारण आमच्या पेठेतली माणसं इस्पितळाचं नाव काढलं की कानावर हात ठेवायची. "हलिमाचं काय झालं बघितलं न्हवं?" म्हणायची. माझ्या बायकोचं मरण दाखवून लोक माझ्याकडं जुलाब घ्यायला यायचे आणि मी पुड्या बांधून द्यायचो. कुणाचं वाईट झालं असेल का? मला माहीत नाही. मी कधी विचारायला गेलो नाही.

मग दादू आला. दादू कसबा बावड्याचा गुळव्या. गुळव्या म्हणजे काहिलीतला उकळता रस कधी उतरवायचा ते नजरेनं ओळखणारा माणूस, गुऱ्हाळाचा सगळा भार त्याच्यावर. माझा लहानपणापासूनचा दोस्त. गुऱ्हाळाच्या हंगामात हे लोक उभ्याउभ्या खाणार, वेळेला परसाकडं जाणार नाहीत, म्हणून दर हंगामात तो माझ्याकडनं हिरडा न्यायचा. त्या दिवशी त्याला भावानं गाडीत घालून आणला होता. कमरेत वाकलेला, उजवा हात पोटावर.

दुकानात हुसेन बसला होता. शिरोळहून बाजाराला आला की तो माझ्याकडं जेवूनच जायचा. बहीण गेली तरी त्यानं नातं तोडलं नव्हतं. मला भाऊजी म्हणायचा.

"बाबालाल, जालीम काय असंल ते दे," दादू म्हणाला. "काल बेंबीपाशी दुकत व्हतं, आज हितं खाली आलंय. दोन दिस साफ न्हाय."

मी त्याची पापणी ओढली नाही. इस्पितळात साहेबांना करताना बघितलं होतं तसं पोटावर उजवीकडं बोटं दाबून एकदम सोडली. तो बोंबलला. मी म्हणालो, "दादू, जुलाब न्हाय. इस्पितळात चल, आत्ता."

"इस्पितळात? तुजी हलिमा तितंच मेली न्हवं? मला मारायला निगालास व्हय?"

त्याचा भाऊ म्हणाला, "अत्तार, तुमास्नी द्यायचं नसंल तर तसं सांगा. दुसरी दुकानं हायती." आणि दादूला उठवायला लागला. पुढच्या चौकात दुसरा अत्तार होता. तो मागचापुढचा विचार न करता जमालगोटा देणार, हे मला पक्कं माहीत होतं. कारण मीही तेच केलं होतं.

मी हुसेनकडं बघितलं. तो तंबाखू मळत होता.

"हलिमाला इस्पितळानं मारलं न्हाय," मी म्हणालो. "मी मारलं. तिला हेच झालतं. असंच बेंबीवरनं खाली सरकलं. मी तीनदा जुलाब दिला, ती नको म्हणत असताना दिला, आन् आत फुटलं. डॉक्टरनं तिला वाचवायला जिवाचं रान केलं. मी खोटा पडलो न्हाय, कारण मी बोललोच न्हाय."

हुसेनच्या हातातली तंबाखू खाली पडली. मला वाटलं, आता हा उठणार आणि माझा गळा धरणार. मी तयार होतो. तो उठला, दादूच्या दुसऱ्या काखेत हात घातला आणि त्याच्या भावाला म्हणाला, "गाडी कुटं हाय?"

गाडी हुसेननंच हाकली. इस्पितळात तेच डॉक्टरसाहेब होते. त्यांनी दादूचं पोट बघितलं आणि विचारलं, "काही दिलंय?" मी म्हणालो, "पाणीसुद्धा न्हाय." ते म्हणाले, "शाब्बास." त्या शब्दानं मी व्हरांड्यातच रडायला लागलो.

शेपूट सुजलं होतं, फुटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दादूला वारा सरला. त्यानं वॉर्डभर ओरडून सांगितलं. त्यापुढं तो कितीतरी हंगाम गुऱ्हाळावर उभा राहिला. पेठेत माझी छी थू झाली ती झालीच, पण त्याला बघून माणसं इस्पितळात जायला लागली.

हल्ली ऐकतो की रक्ताचे खरोखरच गट निघालेत. मी त्याच डॉक्टरसाहेबांना विचारलं, ते आता निवृत्त आहेत. म्हणाले, "एकाचं रक्त दुसऱ्याला द्यायचं तर गट बघावा लागतो. पोट साफ होण्याचा त्याच्याशी संबंध आहे, असं मला कुठं दिसलं नाही. भाजी खा, पाणी प्या, लागली की जा." मी उभा जन्म जे विकलं, ते त्यांनी तीन वाक्यांत निकालात काढलं. या माणसानं दोन वर्षं माझ्या वाट्याच्या शिव्या खाल्ल्या. त्यांचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत.

पोट दुखत असेल, ओकारी होत असेल, दुखणं उजवीकडं खाली गेलं असेल, तर जुलाब देऊ नका. दुखणं आपोआप थांबलं तरी घरी बसू नका.

त्या वेळी दादू जगणार असं साहेबांनी सांगितलं, तोवर हुसेन इस्पितळातून हलला नव्हता. तीन दिवस माझ्याशी अवाक्षर बोलला नाही. त्या दिवशी पायरीवर चपला घालताना थांबला.

"ती नको म्हणत व्हती?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"आन् तरीबी तुमी दिलात."

"व्हय."

तो शिरोळला गेला. त्यानंतर दर बाजाराला त्याची गाडी माझ्या दुकानावरून जायची. मी दर वेळी उठून उभा राहायचो. त्यानं कधी बैल थांबवले नाहीत.