सरकारी रिकामा

मुरुमच्या बाजारपेठेत मल्लिनाथला ‘सरकारी रिकामा’ म्हणत. साधे रिकामे गावात पुष्कळ होते. ते पारावर बसत आणि कुणी हाक मारली तर पोती उचलायला जातही. मल्लिनाथचं तसं नव्हतं. त्याचा रिकामपणा उस्मानाबादेत रीतसर नोंदलेला होता आणि त्याला डाग लागू नये म्हणून तो फार जपायचा.

एकसष्ट साली तो मॅट्रिक झाला. वडील नव्हते. आई कमलबाई महालिंगप्पांच्या आडतीत तूर निवडायला जायच्या. चांगल्या घरची बाई पदर पुढं ओढून दुसऱ्याच्या अंगणात सूप पाखडते, हे पोराला खुपायचं. सरकारी नोकरी लागली की आईला, त्याच्या अव्वाला, घरी बसवायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं.

नोकरी मिळवून देणारी सरकारी कचेरी उस्मानाबादला आहे, तिथं वशिला लागत नाही, असं कळल्यावर तो पहिल्या एसटीनं गेला. तिथले कारकून विष्णुपंत तुळजापूरचे. त्यांनी नाव लिहून घेतलं, कार्ड दिलं आणि सवयीनं बजावलं, “कुठं काम लागलं की कळवायचं. तिकडं नोकरी करायची आणि इथं रिकामा म्हणवायचं, असं चालायचं नाही. नाव कटेल.”

विष्णुपंत हे दिवसभर सगळ्यांनाच सांगत. कुणी मनावर घेत असेल असा त्यांचा समज नव्हता. मल्लिनाथनं घेतलं. निजामाच्या अमलात वाढलेल्या घरांत कचेरीतला शब्द उलट विचारून पारखायची पद्धत नव्हती.

आठवडाभरात महालिंगप्पांनी हाक मारली. “मल्लू, माझा मुनीम सोलापूरला चाललाय. ये गादीवर.”

“न्हाय जमणार, अण्णा. माझं नाव हाय.”

“नाव मलाबी हाय की!”

“उस्मानाबादला हाय. काम धरलं तर कटतंय.”

“म्हंजे काम मिळावं म्हणून तू काम करायचं न्हाईस?”

“व्हय.”

“लई शहाणं सरकार हाय बाबा,” महालिंगप्पा म्हणाले आणि त्यांनी उत्तरेश्वरला गादीवर बसवलं. हा शाळेत मल्लिनाथच्या दोन वर्षं पुढं होता. गणितानं त्याला मल्लिनाथच्या बाकावर आणून बसवलं होतं.

गणितानं आडतीतही त्याची पाठ सोडली नाही. जमाखर्च जुळेना की तो मल्लिनाथला बोलावून आणायचा आणि मल्लिनाथ बसून जुळवून द्यायचा. फुकट. पैसे घेतले तर ती नोकरी झाली असती. एका दिवाळीला महालिंगप्पांनी धोतरजोडी देऊ केली, तीही त्यानं हात जोडून परत केली. कार्डाची मुदत संपत आली की तो उस्मानाबादला जायचा. विष्णुपंत मान वर न करता विचारायचे, “सध्या काही काम?” आणि तो म्हणायचा, “नाही साहेब.” हे सांगताना त्याचा चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलासारखा असे.

कमलबाई सुरुवातीला विचारायच्या, “कॉल आला का रं?” पुढं पुढं विचारेनाशा झाल्या.

पासष्टात कॉल आला. उमरग्याच्या एका सहकारी संघाला हिशेबनीस हवा होता. मल्लिनाथ धुतलेले कपडे घालून पोचला, तर बाहेरच्या बाकावर उत्तरेश्वर.

“तू कसा रं हितं?”

“मलाबी कॉल आलाय.”

आत मल्लिनाथला विचारलं, “अनुभव?”

“काही नाही साहेब.”

“मॅट्रिक होऊन चार वर्षं झाली. काय केलंत?”

“नाव टिकवलं.”

साहेब लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. उत्तरेश्वरनं आडतीतला चार वर्षांचा अनुभव सांगितला. तो खोटा नव्हता, फक्त बराचसा दुसऱ्याचा होता. नोकरी त्याला लागली.

मल्लिनाथ तडक उस्मानाबादला गेला. “उत्तरेश्वर कामाला होता. त्याचं नाव कटायला पाहिजे होतं.”

विष्णुपंतांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. “अहो, कामाला आहे हे त्यानं सांगूनच नाव घातलंय. कामावर असलेल्यांचीही नोंद होते की. चांगल्या नोकरीच्या शोधात, असं लिहितो आम्ही.”

“मला सांगितलं न्हाय.”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

दोघांचंही खरं होतं. विष्णुपंत वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवला. तो येईपर्यंत मल्लिनाथ निघून गेला होता.

आडतीतली गादी पुन्हा रिकामी झाली होती. महालिंगप्पांच्या जिभेवर पुष्कळ काही आलं असणार, पण ते नुसतं म्हणाले, “ये.” पगार चार वर्षांपूर्वी सांगितला होता तोच.

पहिल्याच दिवशी तो अंगणात गेला. “अव्वा, उद्यापासनं तू घरी ऱ्हा.”

कमलबाईंनी सूप खाली ठेवलं नाही. “घरी बसून काय करू? तवाच म्हणला असतास तर बसले असते. आता रिकामं बसलं की हात दुखत्यात.” मग त्याचा चेहरा पाहून म्हणाल्या, “जा, माणसं खोळंबल्यात तुझ्यासाठी.”

तो गादीवर जाऊन बसला. तिथून अंगण सरळ समोर दिसायचं.