काकूंना एकटीला घरी आणता येईल असा ट्रक

फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होते. कुंदाकाकू साउथ डकोटाच्या एका कॅम्पग्राउंडवरून बोलत होत्या. "विलासकाका गेले गं. तासाभरापूर्वी. बाहेर खुर्ची टाकून चहा घेत बसले होते..." मी काही बोलणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "आमचा समीर निघालाय कॅलिफोर्नियातून. तू येशील का? परत येताना शेजारच्या सीटवर कुणीतरी असलेलं बरं. ट्रक मी चालवणार आहे."

आज हे लिहितेय ते त्या शेवटच्या वाक्यासाठी. मिशिगनमधल्या ट्रॉय गावी झालेल्या शोकसभेत काका प्रेमळ होते, परोपकारी होते, सगळ्यांचे आधार होते, असं बरंच बोललं गेलं. कुणीही गेलं की हे बोललं जातं. पाच फूट उंचीची, चौसष्ट वर्षांची एक बाई नवरा गेल्याच्या सकाळी "ट्रक मी चालवणार आहे" असं शांतपणे म्हणू शकते, यामागे एका हट्टी आणि हसऱ्या माणसाची दीड वर्षाची मेहनत होती, हे मात्र तिथे कुणी बोललं नाही. म्हणून मी बोलते.

माझं बालपण नागपूरला पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलं. बाबा युनियनवाले. माझी अक्षरओळख 'कामगार बंधू-भगिनींनो' या शब्दांवरून झाली. विलासकाका बाबांचे कॉलेजातले मित्र. दोघांचं गेल्या चाळीस वर्षांत एकाही मुद्द्यावर एकमत झालं नव्हतं आणि दर रविवारी फोन चुकला नव्हता. मी नोकरीसाठी मिशिगनला आले तेव्हा काका मला विमानतळावर घ्यायला आले आणि पहिलंच वाक्य बोलले, "या कॉम्रेड. संप उद्यापासून करा, आज जेवून घ्या." तेव्हापासून मी त्यांची कॉम्रेड. शनिवारचं जेवण त्यांच्याकडे, आणि जेवताना भांडण.

काकांनी सारी नोकरी एका मोटार कंपनीत, ब्रेकच्या विभागात केली. निवृत्त झाले त्याच हिवाळ्यात छातीत दुखलं आणि दोन स्टेंट बसले. हॉस्पिटलातून आले ते एकच ध्यास घेऊन. या देशात तीस वर्षं राहिलो आणि पाहिलं काय, तर घर ते ऑफिस. आता फिफ्थ-व्हील कॅम्पर घ्यायचा आणि देश बघायचा. हा कॅम्पर म्हणजे चाकांवरचं घर. तो गाडीच्या मागच्या हुकाला लटकत नाही. त्याची पुढे आलेली मान पिकअप ट्रकच्या उघड्या पाठीवर टेकते आणि तिथल्या लोखंडी जबड्यात अडकते. काका वरण-भातावर तूप घेता घेता हे सगळं हातवारे करून सांगत होते. काकूंनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग तुपाचं भांडं त्यांच्यापासून लांब सरकवत म्हणाल्या, "मी येईन. पण एक अट आहे. कुठेतरी रानात तुमच्या छातीत पुन्हा कळ आली, तर हे सगळं बिऱ्हाड मला एकटीला घरी आणता आलं पाहिजे. कुणाच्या पाया न पडता. तसा ट्रक मिळत असेल तर बघा. नाहीतर आपण विमानाने जाऊ."

मी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "कॉम्रेडला टाळ्या वाजवायला काय जातंय." पण जेवण झाल्यावर त्यांनी फ्रिजवरच्या पांढऱ्या बोर्डवर लिहिलं: अट क्रमांक एक. खाली दोन नंबरची अट कधीच आली नाही.

आता मी स्वतःच्या विरोधाबद्दलही लिहायला हवं. अट मला पसंत होती, पण ट्रकच मला पसंत नव्हता. दोन म्हाताऱ्या माणसांना डोंगर बघायला तीन टन लोखंड आणि डिझेलचा धूर कशाला? मी पत्रक काढलं. दोन पानी, सात मुद्द्यांचं, आणि काकांच्या पत्रपेटीत टाकलं. पुढच्या शनिवारी ते माझ्या ताटाशेजारी परत आलं, लाल पेनाने तपासलेलं. "मुद्दा तीन मान्य. मुद्दा पाच मान्य, पण आकडा चुकलाय. मुद्दा सहा नुसता राग आहे, काढून टाक. एकूण चांगलं. सुधारून पुन्हा दे." माझ्या बापानेही माझं पत्रक इतक्या आदराने वाचलं नव्हतं. मी सुधारून पुन्हा दिलं. त्यांनी तेही वाचलं, आणि मग मला सोबत घेऊन ट्रक बघायला निघाले. म्हणाले, "विरोधी पक्ष सोबत असला की खरेदी नीट होते."

त्या वसंतात आम्ही किती दुकानं पालथी घातली त्याची गणती नाही. जाहिराती ओरडून सांगतात की आमचा ट्रक इतकं ओढतो आणि तितकं ओढतो. काका ते आकडे वाचायचेसुद्धा नाहीत. ते सरळ चालकाचं दार उघडून चौकटीवरचं एक पिवळं स्टिकर वाचायचे. माणसं आणि सामान मिळून या ट्रकच्या अंगावर किती वजन चालेल, ते तिथे लिहिलेलं असतं. "कॅम्पर आपल्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा ट्रकच्या पाठीवर टाकतो," ते मला शिकवायचे. "ओढायची ताकद सगळ्यांत असते गं. अंगावर किती पेलतं ते बघायचं." मग घरी येऊन बेरजा. काकांनी बाथरूममधला वजनकाटा स्वयंपाकघरात आणला आणि कुकर, कणकेचं पोतं, मिक्सर, लोणच्याच्या बरण्या, चार गाद्या, सगळं त्यावर चढवलं. अडलं एकाच ठिकाणी. काकू काट्यावर चढायला तयार नव्हत्या.

"अंदाजे धरा," त्या म्हणाल्या.

"अगं, ब्रेकचा प्रश्न आहे. अंदाजे कसं धरू?"

"धरा तर खरं. अंदाज जास्त निघाला तर मग बघते मी."

काकांच्या तक्त्यात काकूंच्या नावापुढे शेवटपर्यंत 'गोपनीय' असंच लिहिलेलं होतं. बेरीज तरीही जमत होती. कशी ते मी विचारलं नाही.

पण मोठी चूक काकांनी आधीच करून ठेवली होती, आणि ती ब्रेकच्या इंजिनिअरने करायला नको होती. त्यांनी कॅम्पर आधी पसंत केला होता. प्रदर्शनात बघितला आणि प्रेमात पडले. बेचाळीस फुटांचा, आत सोफा, सोफ्यासमोर टीव्ही आणि टीव्हीखाली विजेवर चालणारी शेकोटी. मी विचारलं, "काका, रानात जाऊन टीव्हीखाली शेकोटी?" ते म्हणाले, "तुझ्या पत्रकात हा मुद्दा नव्हता, आता घेता येणार नाही." आता एवढं धूड पेलायचं तर ट्रकही तसाच हवा. मागे चार चाकांचा, कमरेत रुंद, नाक काकूंच्या खांद्याइतकं उंच. असा एक लाल ट्रक त्यांनी हेरला. विक्रेता तरुण आणि उत्साही होता. तो अर्धा तास फक्त काकांशी बोलत होता. इंजिन, गिअर, ओढ. काकू शेजारी पर्स घेऊन उभ्या. शेवटी काका त्याला इंग्रजीत म्हणाले, "तुम्ही चुकीच्या माणसाशी बोलताय. गाडी या चालवणार. मी त्यातलं सामान."

मला इथे थांबून वाचकांना एक विचारायचं आहे. आपल्या घरातल्या बायका गाड्या चालवतात. मुलांना शाळेत सोडतात, सासऱ्यांना डॉक्टरकडे नेतात. पण गाडी घेताना त्यांना काय विचारतात? रंग. सीट पुढे घेतल्यावर पाय पोचतो का, आरशात मागचं दिसतं का, हे किती घरांत विचारलं गेलं?

काकू लाल ट्रक घेऊन एक फेरी मारून आल्या. उतरताना पायरीवरून जवळजवळ उडीच घ्यावी लागली. चावी काकांच्या हातात ठेवून म्हणाल्या, "छान आहे. पण हा मला एकटीला आणता येणार नाही." बस, एवढंच. परतताना काका गाडी चालवत होते. मी मागे बसून वाट बघत होते, की आता समजूत घालतील, सवय होईल म्हणतील, सगळे नवरे म्हणतात ते म्हणतील. घर आलं. काकांनी गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "मी उलटं गणित मांडलं कुंदा. आधी कॅम्पर, मग ट्रक, मग तू. आता आधी तू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बेचाळीस फुटांच्या शेकोटीवाल्या घराला नकार कळवला. मग तिन्ही गोष्टी नव्या क्रमाने. काकूंना नाकापलीकडचा रस्ता दिसेल असा, पायरी खाली येणारा, मागे दोनच चाकांचा ट्रक, आणि त्या ट्रकच्या पिवळ्या स्टिकरला झेपेल तेवढाच कॅम्पर. अठ्ठावीस फुटी मिळाला. सोफा नाही, दोन खुर्च्या. ट्रक करड्या रंगाचा निघाला आणि पेट्रोलवर चालणारा. कारण डिझेलचं इंजिनच इतकं जड असतं की ते वजन अंगावर पेलायच्या हिशेबातून जातं. डिझेल रद्द झालं म्हणून मी विजय जाहीर केला. काका म्हणाले, "हा विजय तुझा नाही, स्टिकरचा." पण मुद्दा तीनही त्यांनी पाळला. कॅम्पर जोडलेला नसेल तर ट्रक हलायचा नाही. किराणा काकूंच्या छोट्या गाडीतूनच आला. ट्रक नकोच, हे माझं म्हणणं मी आजही सोडलेलं नाही. पण त्या करड्या ट्रकवर माझं प्रेम आहे, आणि या दोन गोष्टी एकत्र नांदतात हे मला काकांनी शिकवलं.

शिकवणी रविवारी सकाळी, बंद पडलेल्या एका मॉलच्या ओसाड पार्किंगमध्ये चालायची. खुणेला दुधाचे रिकामे कॅन, पाण्याने भरलेले. पाणी आरशात दिसेना म्हणून काकूंनी त्यात हळद कालवली. त्या पिवळ्या कॅनांमधून कॅम्पर मागे घ्यायचा. काका मागे उभे राहून दोन्ही हात असे काही फिरवत की ते पाणी मागताहेत की विमान उतरवताहेत कळू नये.

"डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे?" काकू खिडकीतून ओरडायच्या.

"कॅम्परच्या."

"कॅम्परला विचारून सांगा मग."

जबडा उघडायचा दांडा ट्रकच्या कठड्याआड होता, काकूंचा हात पोचेना. काका कंपनीच्या मित्रांना विचारून खास अवजार करवून घेणार होते. तोवर काकूंनी दांड्याला परकराची नाडी बांधली आणि बाहेर उभं राहून ओढली. खट्कन उघडला. काका नाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तीस वर्षं फुकट पगार घेतला मी." तो सबंध दिवस ते भेटेल त्याला ही गोष्ट सांगत होते. दुकानातल्या अनोळखी माणसालासुद्धा.

पुढच्या वर्षी जूनमध्ये दोघं लेक सुपीरिअरला वळसा घालून आले. सप्टेंबरमध्ये पश्चिमेकडे निघाले...

मी साउथ डकोटाला पोचले तेव्हा समीर आईला समजावत होता. त्याने इंटरनेटवर एक ड्रायव्हर शोधून ठेवला होता. "मॉम, बी रीजनेबल. यू आर इन शॉक." काकू म्हणाल्या, "असेन. पण मी हे ज्या दिवसासाठी शिकले, तो दिवस आलाय. आज दुसऱ्याला चावी दिली तर तुझ्या बाबांनी दीड वर्ष काय केलं?" अंत्यसंस्कार तिथेच झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी एकटीने ट्रक कॅम्परखाली मागे घेतला. जबडा लागला. कॅम्परचे ब्रेक लावून ट्रक हळूच पुढे ओढून बघितला, सुटत नाही ना ते. समीर हाताची घडी घालून उभा होता. त्याने घडी सोडली. "ओके, मॉम." अस्थिकलश त्याने मागच्या सीटवर ठेवला, पट्टा लावला, आणि विमानतळाकडे गेला.

तीन दिवस लागले. सपाट मुलखातला वारा कॅम्परला ढकलायचा. काकू वेग कमी करायच्या, मागच्या सगळ्यांना पुढे जाऊ द्यायच्या. पेट्रोल पंपावर एका भल्या माणसाने मदत हवी का विचारलं. "नो, थँक यू. आय ॲम गोइंग होम," त्या म्हणाल्या. रडल्या फक्त एकदा, विस्कॉन्सिनमध्ये, आणि तेव्हाही आधी इंडिकेटर देऊन गाडी बाजूला घेतली.

ट्रॉयजवळ कॅम्पर ठेवायची मोकळी जागा भाड्याने घेतलेली आहे. दोन अजस्र कॅम्परांच्या मधली फट. मी उतरून मागे उभी राहते म्हटलं. "नको. तू बस." त्यांनी दोन्ही आरसे बघितले, एका हाताने स्टिअरिंग किंचित फिरवलं, आणि अठ्ठावीस फूट सरळ आत गेले. पहिल्याच प्रयत्नात. काकू थक्क होऊन माझ्याकडे बघायला लागल्या. मग हसू फुटलं, आवरेचना. "बघितलंस? हे असते तर चारदा पुढे-मागे झालं असतं." आम्ही दोघी पोट धरून हसलो.

मग त्यांनी दारावरचं दोन नंबरचं बटण दाबलं. सीटची जागा लक्षात ठेवणारी दोन बटणं तिथे आहेत. एक काकूंचं, दोन काकांचं. दोघांचा नियम होता, ज्याचं चालवणं झालं त्याने उतरण्याआधी दुसऱ्यासाठी सीट लावून ठेवायची. गेले तीन दिवस प्रत्येक थांब्यावर त्यांनी हेच केलं होतं आणि परत बसताना पुन्हा एक दाबलं होतं. आता सीट सावकाश मागे सरकली, खाली बसली, आरसे उंच माणसासाठी वर वळले. काकूंचे पाय पेडलपासून सुटून अधांतरी राहिले.

"काकू..." मी म्हटलं.

"असू दे गं," चावी काढत त्या म्हणाल्या. "माझं झालं. आता त्यांची पाळी."