हुकांची कॉलर

गल्लीतल्या शिवणकामाच्या दुकानाची मालकीण बाई असूनही सगळे तिला ‘मास्तर’ म्हणत, आणि ते तिला आवडायचं. तिचं नाव झालं ते ट्रायलमुळे. तोंडात टाचण्या धरून ती गिऱ्हाइकाच्या अगदी जवळ उभी राहायची, खांद्यावरून एकदा हात फिरवायची आणि झोल नेमका कुठे आहे ते तिथल्या तिथे सांगायची.

तेच काम तिने एकाएकी दुकानात हाताखाली असलेल्या वहिनीवर ढकललं. वहिनीचा हात काजं-बटणांत बसलेला, ट्रायल काही तिला जमेना. कपडे परत येऊ लागले, गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात डोकावू लागली. मास्तर मात्र मशीनमागे, भर उन्हाळ्यात हनुवटीपर्यंत स्कार्फ गुंडाळून. हनुवटीवर राठ केस येत होते आणि ते जवळून कुणी पाहील या धास्तीने बाई दुकान बुडवायला निघाली होती. कमरेचा घेर वाढला तेव्हा तिने मापाची फीत आटली म्हणून नवी आणली. नवी फीतही जुनीचीच री ओढायला लागली. पाळी तर तीन-तीन महिने तोंड दाखवायची नाही. तिला वाटायचं, बरंच आहे, कटकट गेली.

शेवटी वहिनीनेच तिला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. पीसीओएस निघालं; केस, घेर, लांबलेली पाळी, सगळ्यामागे तेच. तिथेच कुणाच्या तरी तोंडून ‘गाठी’ हा शब्द तिच्या कानावर पडला. दोऱ्याला गाठ पडली की सोडवत बसायचं नाही, कापून पुढे जायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक. कापून टाका, तिने डॉक्टरीणबाईंना सरळ सांगितलं.

“त्या गाठी नाहीतच,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पूर्ण न वाढलेल्या बीजांच्या बारीक पिशव्या आहेत. कापायचं काही नाही. हे सांभाळत राहायचं. पाळी इतकी लांबू द्यायची नाही, साखर तपासत राहायची.”

मास्तरला रागच आला. पण अल्टरेशन हा तिचा रोजचा धंदा. गोळ्या वेळेवर, जेवण वेळेवर, आणि सकाळी चालायला जाताना वहिनीलाही ओढून न्यायची. वहिनी कुरकुरत जायची आणि तिच्याआधी घरी पोचायची. हळूहळू पाळी मार्गाला लागली, कमरेचा घेर उतरला. केस तेवढे हट्टी निघाले, काही राहिलेच. एके दिवशी तिने स्कार्फ चिंध्यांच्या टोपलीत टाकला आणि टाचण्या तोंडात धरल्या. कुणी काही बोललं नाही. झोल मात्र तिला लगेच सापडला.

पुढे एक मुलगी आली. ड्रेसला कॉलर हवी, हनुवटीपर्यंत, उकडलं तरी चालेल, म्हणाली. मास्तरने टाचण्या काढून ठेवल्या आणि आपली हनुवटी उजेडात धरली.

“शिवते. पण पाळी वेळेवर येते का गं तुझी?”

मुलीने मान खाली घातली. मास्तरने डॉक्टरीणबाईंचा पत्ता सांगितला आणि माप घेतलं.

“कॉलर हुकांची करते,” ती म्हणाली. “काढता येईल अशी.”