ड्युटीवर कोण होतं?

आमच्या भाऊजींइतका दुसऱ्याचा दोष हौसेनं अंगावर ओढून घेणारा माणूस अख्ख्या छत्तीसगडात शोधून सापडायचा नाही. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. उभी हयात भिलाईच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. तिथे अपघात झाला की पहिला प्रश्न एकच, ड्युटीवर कोण होतं? माणूस निवृत्त झाला, प्रश्न काही झाला नाही. भिलाईतल्याच हुडको वसाहतीतल्या घरी एकदा उपमा करपला. भाऊजींनी रीतसर चौकशी सुरू केली, तेव्हा ताई म्हणाली, "तुमालेच तर सांगून गेली होती मी, गॅसकडे पाहा म्हणून." भाऊजींनी वही काढली, स्वतःच्याच नावानं ताकीद लिहिली आणि खाली सही ठोकली. वर तो उपमाही बिचाऱ्यांनी एकट्यानं संपवला.

असा माणूस मुलींचा रग्बी क्लब चालवू लागला. खेळाचं ज्ञान जेमतेम, पण सामन्याआधी प्रत्येक पोरीची नखं, बूट आणि डोकं तपासणार. डोकं म्हणजे राग. "घरी भांडून आली काय? मंग बस पाच मिनिटं, पानी पी, अन् मंग उतर." क्लबची कागदपत्रं माझ्याकडे असल्यामुळे हे सगळं मला जवळून सोसावं लागे.

गेल्या वर्षी उपांत्य सामन्यात आमच्या पूर्णिमानं, म्हणजे क्लबातल्या सगळ्यात वेगवान पोरीनं, समोरच्या मुलीच्या तोंडावर कोपर हाणलं. ओठ फाटला. रेफरीची नेमकी पाठ होती, आणि आम्ही जिंकलो. अंतिम सामन्याला राज्य संघाची निवड करणारे येणार होते, त्यात पूर्णिमाचं नाव जवळपास पक्कं. आम्ही सगळे चिडीचूप. भाऊजी मात्र आयोजकांच्या टेबलाशी जाऊन आपल्याच पोरीविरुद्ध तक्रारीचा अर्ज लिहायला बसले.

"सर, रेफरी ने देखा ही नहीं," पूर्णिमा रडवेली झाली.

"त्यानं नाही पाह्यलं, म्या पाह्यलं ना."

मी त्यांना बाजूला ओढलं. "भाऊजी, पोरीचं वर्ष जाईल. कावून करून राहिले असं?"

"कोपर तिचं, पण पोरगी आपली," ते म्हणाले. "सकायीच तिचं डोकं गरम होतं, मले दिसत होतं. जिंकाच्या लालचीनं म्या तिले उतरवली. माहं नाव आधी लिवतो."

दोघांवर बंदी आली. अंतिम सामना दोघांनी कुंपणाबाहेरून पाहिला, मध्ये दहा हात अंतर ठेवून. आम्ही सपाटून हरलो. पूर्णिमाची निवड हुकली आणि तिनं आमचा क्लब सोडून शेजारच्या भिलाई-३ गावच्या संघात नाव घातलं. मी भाऊजींवर मनापासून चिडलो होतो, खोटं कशाला बोलू. चुलीत गेली ती तुमची ड्युटी, असं तोंडावर म्हणालोसुद्धा.

यंदा तिचा संघ आमच्याशी खेळला. धावपळीत तिनं आमच्या एका पोरीला नियमाविरुद्ध गळ्याशी धरून पाडलं. रेफरीचं लक्ष चेंडूकडे होतं. पूर्णिमा थांबली, हात वर केला आणि स्वतः जाऊन त्याला सांगितलं. त्यानं तिला बाहेर बसवलं. जाताना तिनं आमच्याकडे पाहिलंही नाही.

भाऊजी चष्मा पुसत म्हणाले, "पाह्यलं का? आपली पोरगी हाये ते."

सामना संपल्यावर ते बराच वेळ तिच्या संघाच्या गाडीपाशी उभे होते. ती मागच्या दारानं चढली आणि गाडी निघून गेली.