धर्मांच्या नकाशात नांदेड

हदगावच्या बजरंग पेंटरनं उभी हयात दुसऱ्यांची नावं रंगवली. किराणा दुकानं, टेम्पोच्या पाट्या, निवडणुकीतले उमेदवार. स्वतःचं नाव मात्र कुठंच नाही. पुढं फ्लेक्स आले आणि पेंटरसाहेब घरी बसले. बसले म्हणजे शेजाऱ्यांच्या भिंतींना नावं ठेवत बसले.

अशात शाळेच्या सत्यशीला मॅडमनी त्याला बोलावलं. भिंतीवर जगाचा नकाशा काढायचा, कोणता धर्म कुठं जन्मला ते ठिपक्यांनी दाखवायचं, आणि खाली स्वतःचं नाव टाकायचं म्हणाल्या. झालं! गडी हवेतच. बायकोला, केवळाबाईला, बजावलं की उद्घाटनाला माझं नाव बघायला यायचं.

नकाशा झाला झकास. जेरुसलेम, बेथलेहेम, मक्का, बुद्धगया, जिथल्या तिथं. हिंदू धर्माला एक ठिपका पुरेना, म्हणून सिंधूपासून गंगेपर्यंत पट्टाच ओढला. शिखांचा ठिपका मात्र पठ्ठ्यानं न विचारता ठोकला नांदेडला. एवढा मोठा गुरुद्वारा स्वतः बघितलेला, त्यात विचारायचं ते काय?

मॅडमनी कपाळाला हात लावला. शीख धर्म जन्मला पंजाबात, नांदेडला दहावे गुरू आयुष्याच्या अखेरीस आले, असं त्यांनी समजावलं. बजरंगनं मुकाट ठिपका पंजाबात नेला, पण तिथं लिहिलेलं नांदेड पुसायला त्याचा हात उचलेना. तरुणपणी कामासाठी तिथं वणवण केली, तेव्हा गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये, फुकटच्या पंगतीतच पोट भरलं होतं. जात कोणती, गाव कोणतं, कुणी विचारलं नव्हतं. ते आठवून त्याचे डोळे भरून आले. ठिपका नको तर नको, निदान गावाचं नाव राहू द्या म्हणून तो अडून बसला.

मॅडम शिस्तीच्या. नकाशात जादा असं एकच नाव चालेल, म्हणाल्या. "नांदेड लिहा, न्हाई तर तुमचं."

उद्घाटनाला केवळाबाई आली. भिंतीचा खालचा कोपरा तिनं पुन्हा पुन्हा धुंडाळला.

"तुमचं नाव कुठं हाय?"

बजरंगनं तिचं बोट धरून नकाशावर ठेवलं. तिनं एकेक अक्षर लावून वाचलं.

"हे तर नांदेड हाय."

"हाव. उपाशी होतो तवा हितं जेवलो."

केवळाबाईनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग पदर सावरत म्हणाली, "मग जरा ठळक तरी काढायचं."